देवगिरीचा रामदेवराव

शके ११९३, म्हणजे इसवी सन १२७१. देवगिरीच्या गडावर नटांचा एक मेळा चढला. गादीवर नुकताच बसलेला आमणदेव गाण्यानाचण्याचा शौकीन होता, त्यामुळे मेळ्याला वर सोडायला कोणी आडकाठी केली नाही. खेळ रंगात आला आणि नटांच्या वेशातल्या माणसांनी एकाएकी हत्यारे काढली. आमणदेव जागीच पकडला गेला. पुढे त्याचे डोळे काढले, असे महानुभावांच्या लिखाणात येते. हा मेळा घेऊन गडावर शिरलेला माणूस आमणचा चुलतभाऊ रामचंद्र. आपण त्याला रामदेवराव यादव म्हणून ओळखतो.

फसवून गड कसा घ्यायचा, हे त्या काळी रामदेवरावाइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असेल असे वाटत नाही. आणि पंचवीस वर्षांनी त्याच गडाच्या पायथ्याशी तो स्वतः फसला. त्याच्याविषयी वाचताना हे दोन प्रसंग मला कधीच वेगळे करता आलेले नाहीत. रामदेवराव भित्रा होता, देवभोळा होता, त्याच्या काळात महाराष्ट्र टाळमृदंगात आणि व्रतवैकल्यात बुडाला म्हणून राज्य गेले, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. मला ते पटत नाही. राज्य गेले ते सीमेवरची बातमी राजधानीला न पोहोचल्यामुळे, फौज दूर असल्यामुळे आणि गडावर दाणा नसल्यामुळे. या तिन्ही गोष्टींची जबाबदारी राजाची असते, टाळकऱ्यांची नसते.

रामदेवरावाने चुलतभावावर हत्यार उचलले, त्यामागे घरचे जुने दुखणे होते. भिल्लमाने बाराव्या शतकाच्या शेवटी देवगिरी ही राजधानी केली. त्याचा नातू सिंघण याच्या लांबलचक कारकिर्दीत यादवांचे राज्य नर्मदेपासून तुंगभद्रेपर्यंत पसरले. त्याच सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, तोही याच काळात. सिंघणानंतर नातू कृष्णदेव आला. १२६१ मध्ये कृष्णदेव वारला तेव्हा मुलगा रामचंद्र लहान होता, म्हणून गादी भाऊ महादेव याच्याकडे गेली. इथपर्यंत ठीक होते. पण महादेवाने मरताना गादी पुतण्याला परत न देता आपल्या मुलाला, आमणला दिली. थोरल्या पातीचा हक्क डावलला गेला आणि रामचंद्राने नटांचा मेळा जमवला.

हेमाद्री पंडित महादेवाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याचा सगळा लेखनव्यवहार सांभाळणारा मंत्री. नवा राजा आला तरी हेमाद्री होता तिथेच राहिला. यावरून एक गोष्ट कळते. गादीवरचा माणूस बदलला तरी कारभाराची घडी मोडली नाही. हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणी' हा धर्मशास्त्राचा अवाढव्य ग्रंथ, मोडी लिपीशी आणि चुन्याशिवाय दगडावर दगड बसवलेल्या देवळांशी लोकांनी जोडलेले त्याचे नाव, हे सगळे आपल्याला शाळेपासून माहीत असते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी या ग्रंथातल्या व्रतांच्या भल्यामोठ्या यादीवर बोट ठेवले आणि व्रते, उद्यापने, ब्राह्मणभोजने यांत गुंतलेला समाज लढणार कसा, असा सवाल केला. राजवाड्यांविषयी माझ्या मनात आदर आहे, पण या बाबतीत त्यांनी ग्रंथाला समाज समजण्याची घाई केली. पोथीत दोन हजार व्रते लिहिलेली असली म्हणून शेतकरी आणि शिपाई ती सगळी करत बसले होते, असे होत नाही.

पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात एक शिलालेख आहे. चौऱ्यांशीचा लेख म्हणतात त्याला. शके ११९५ पासून ११९९ पर्यंत देवळासाठी कोणी काय दिले, याची ती यादी. त्यात राजा रामचंद्राचे नाव आहे, हेमाद्रीचे आहे आणि सामान्य माणसांचीही आहेत. राजा आणि रयत एकाच दगडावर, एकाच देवाच्या वर्गणीत. पाठ चौऱ्यांशीच्या शिळेला लावली की चौऱ्यांशी लक्ष योनींच्या फेऱ्यातून सुटका होते, अशी वारकऱ्यांची श्रद्धा होती. त्या पाठींनी दगडावरची अक्षरे झिजत गेली.

म्हणून हा राजा फक्त वर्गण्या देत बसला होता, असे समजू नये. पहिल्या पंचवीस वर्षांत त्याने चारी बाजूंना लढाया केल्या. माळव्याच्या परमारांशी झुंजला, गुजरातच्या वाघेल्यांशी झुंजला. १२७५-७६ च्या सुमारास त्याचा सेनापती साळुव टिक्कम होयसळांवर चालून गेला आणि थेट द्वारसमुद्रापर्यंत पोहोचला. राजधानी घेता आली नाही, पण तो हत्तीघोड्यांची लूट घेऊन परतला. पूर्वेकडे वरंगळच्या काकतीयांशी वैर होतेच. कोकणात माहीम, संगमेश्वर, खेड इथल्या ठाणेदारांनी डोके वर काढले, ते युवराज शंकरदेवाने मोडून काढले.

यातच एक गोम आहे. लढायांची तोंडे बघा. दक्षिणेला होयसळ, पूर्वेला काकतीय, पश्चिमेला कोकण, वायव्येला गुजरात. सगळे जुने, ओळखीचे शेजारी. कोण कुठून येईल, किती माणसे आणील, किती लुटून परत जाईल, याचे आडाखे बांधलेले होते. विंध्यापलीकडे शंभर वर्षांत काय उलथापालथ झाली होती, याची दखल देवगिरीच्या धोरणात कुठे दिसत नाही. दिल्लीला सुलतानी बसून नव्वद वर्षे होत आली होती. १२९२ मध्ये त्यांची फौज माळव्यात भिलशापर्यंत येऊन देवळे लुटून गेली. भिलशाहून वऱ्हाडात उतरायची वाट व्यापाऱ्यांच्या रोजच्या राबत्याची. तरीही त्या वाटेवर नजर ठेवायला म्हणून काही खास बंदोबस्त झाला, असे दिसत नाही.

भिलशाची लूट करणारा होता कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन, सुलतान जलालुद्दीन खलजीचा पुतण्या आणि जावई. भिलशातच त्याने देवगिरीच्या संपत्तीची वर्णने ऐकली. चुलत्याकडे त्याने परवानगी मागितली ती चंदेरीवर जाण्याची. देवगिरीचे नावही काढले नाही. १२९६ च्या फेब्रुवारीत तो कड्याहून निघाला. मागे सुभ्याचा कारभार अलाउल्मुल्क नावाच्या अधिकाऱ्याकडे सोपवला आणि दिल्लीला खुशालीची पत्रे पाठवत राहायला सांगितले. हा अलाउल्मुल्क म्हणजे इतिहासकार जियाउद्दीन बरनीचा चुलता. त्यामुळे बरनीने हा भाग घरात ऐकलेल्या गोष्टीसारखा लिहिला आहे.

फौज किती होती? बरनी तीन-चार हजार स्वार आणि दोन हजार पायदळ म्हणतो, नंतरच्या काळातला इतिहासकार फिरिश्ता आठ हजार म्हणतो. काहीही धरा, यादवांच्या राज्यावर चालून जायला ही फौज फार नव्हे. पण अलाउद्दीनने ती जिथून नेली आणि ज्या वेगाने नेली, ते बघितले पाहिजे. विंध्य ओलांडून तो एलिचपुरास, म्हणजे आपल्या अचलपुरास आला. तिथे दोन दिवस घोड्यांना विश्रांती दिली. चुलत्याशी भांडून निघालो आहे, तेलंगणात राजमहेंद्रीच्या राजाकडे चाकरी शोधायला चाललो आहे, अशी आवई त्याने उठवली. वऱ्हाडात ती खपली. अचलपूर ते देवगिरी हे अंतर काही थोडेथोडके नाही. अजिंठ्याचे डोंगर मध्ये आहेत. एवढ्या वाटेत परकी घोडदळ पाहणारी गावे शेकड्यांनी असतील. त्या गावांतून राजधानीला सांगावा गेला नाही, किंवा गेला तो कोणी मनावर घेतला नाही.

वाटेवर एकच माणूस उभा राहिला. त्याचे नाव कान्हा. देवगिरीपासून काही कोसांवर असलेल्या लासूरच्या घाटात या मांडलिकाने आपली थोडी माणसे घेऊन अलाउद्दीनला अडवले. ही हकीकत इसामीने लिहून ठेवली. इसामी दिल्लीचा. महंमद तुघलकाने दिल्लीची वस्ती दौलताबादला हलवली तेव्हा कोवळ्या वयात तो या मुलखात आला, आणि त्याचा नव्वदीचा आजोबा पहिल्याच मुक्कामाला वारला. १३५० च्या सुमारास बहमनी राज्यात राहून त्याने आपला फारसी इतिहास पुरा केला. म्हणजे लासूरच्या लढाईची आठवण सांगणारी म्हातारी माणसे त्याला याच भागात भेटली असणार. तो सांगतो, कान्हाच्या बाजूने दोन स्त्रिया घोड्यावर बसून वाघिणीसारख्या लढल्या आणि त्यांनी पहिल्या झटापटीत तुर्की स्वारांना मागे रेटले. शेवटी त्या पकडल्या गेल्या. शत्रुपक्षाच्या इतिहासकाराने इतक्या मोकळ्या मनाने ज्यांचे कौतुक केले, त्यांचे नाव एकाही ताम्रपटात नाही. मनमाडहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर आजही लासूरचे स्टेशन लागते. तिथून जाताना मला या दोघींची हटकून आठवण होते.

लासूर पडल्यावर देवगिरी उघडीच होती. शंकरदेव फौज घेऊन बाहेर होता. रामदेवरावाने हाताशी आली ती दोन-चार हजार माणसे गोळा केली, शहराबाहेर सामना दिला, हरला आणि गडावर जाऊन दरवाजे लावून बसला. खाली शहर लुटले जात होते. पागेतले घोडे आणि हत्ती गेले. व्यापारी आणि सावकार पकडून त्यांच्याकडून पैसा काढला जात होता. वर गडावर राजा सुरक्षित होता. देवगिरीचा तो एकांडा सुळका ज्याने जवळून पाहिला असेल, त्याला पटेल की हा गड हल्ला करून घेणे जवळपास अशक्य. मैदानातून एकदम सुमारे दोनशे मीटर वर उठलेला डोंगर आणि उभा कडा. अलाउद्दीनजवळ वेढा घालून बसायला ना वेळ होता, ना माणसे. शंकरदेव परत येईपर्यंत महिनाभर दम धरला असता, तर पाहुण्याला रिकाम्या हाती पळावे लागले असते.

दम धरता आला नाही, त्याची गोष्ट फिरिश्ता सांगतो. शहराजवळ काही व्यापारी कोकणातून गोण्या लादून आले होते. परकी फौज दिसताच ते माल टाकून पळाले. दोन-तीन हजार गोण्या असतील. गडाच्या माणसांनी धान्य समजून त्या घाईघाईने वर चढवल्या. आता महिनोन्‌महिने निभावेल, असा सगळ्यांना धीर आला. पुढे वेढ्याचा प्रसंग आला आणि गोण्या सोडल्या, तेव्हा आत मीठ निघाले.

फिरिश्ता विजापुरात बसून तीनशे वर्षांनी लिहीत होता, त्यामुळे गोष्टीला मीठमसाला लागला असेल. पण एवढी बारीक आणि इतकी घरगुती गोष्ट मुळात कोणाला सुचावी, याचा विचार केला तर तिच्यात काही तथ्य असावे असे मला वाटते. आणि गोष्ट बाजूला ठेवली तरी मुद्दा उरतो. त्या काळातल्या सर्वांत श्रीमंत राज्यांपैकी एकाच्या राजधानीच्या गडावर, पीक हाती आलेल्या हंगामात, महिन्या-दोन महिन्यांचा दाणा भरून ठेवलेला नव्हता. तो भरायला रस्त्यावर टाकलेल्या बेवारस गोण्या शोधाव्या लागल्या.

अलाउद्दीनने आणखी एक हूल उठवली होती. मी फक्त आघाडी आहे, वीस हजारांची शाही फौज मागून येते आहे. रामदेवराव वाटाघाटीला बसला. खंडणी ठरली, अलाउद्दीन निघायच्या बेतात होता, तेवढ्यात शंकरदेव फौजेसह येऊन ठेपला. बापाने निरोप पाठवला की तह झाला आहे, आता लढू नको. मुलाने ऐकले नाही. लूट टाकून चालता हो, असा त्याने अलाउद्दीनला सांगावा धाडला. अलाउद्दीनने एक हजार स्वार नुसरतखानाबरोबर गडाच्या तोंडावर ठेवले आणि उरलेल्यांसह तो शंकरदेवाला भिडला. लढाई मराठ्यांच्या बाजूला झुकली होती. तुर्की फळी मोडायला आली होती. एवढ्यात नुसरतखान जागा सोडून मदतीला धावला. त्याच्या घोड्यांनी उडवलेला धुरळा दिसला आणि यादवांच्या फौजेत ओरड झाली की दिल्लीची वीस हजार फौज आली. जिंकत आलेले सैन्य उधळले.

म्हणजे त्या दिवशी मराठे लढले नाहीत, असे मुळीच नाही. ते अफवेला हरले. आणि खरे-खोटे पारखून सांगणारे हेर नसले, की मग धुरळ्यालाही फौज समजावे लागते.

दुसऱ्या वेळची खंडणी जबर होती. फिरिश्त्याच्या यादीत सहाशे मण सोने, सात मण मोती, दोन मण रत्ने, एक हजार मण चांदी, चार हजार रेशमी ठाण आणि शिवाय अचलपूर प्रांताचा दरसालचा वसूल आहे. त्या काळचा मण नंतरच्या मणापेक्षा बराच हलका होता आणि आकडे फुगलेले असतील, हे गृहीत धरले तरी लूट डोळे दिपवणारी होती यात शंका नाही. पुढे काय झाले ते बरनीने लिहिले आहे. जूनमध्ये अलाउद्दीन कड्याला परतला. जुलैत त्याने चुलत्याला भेटीला बोलावून गंगेच्या काठी त्याचा खून करवला आणि भर पावसाळ्यात दिल्लीची वाट धरली. मुक्कामामुक्कामाला लोकांचे थवे जमत. तिथे मंजनीक, म्हणजे वेढ्यात दगड फेकायचे यंत्र, उभे करत आणि त्यातून सोन्याचे तारे गर्दीवर उधळत. दर मुक्कामाला पाच मण. गर्दी रोज वाढत गेली, जलालुद्दीनचे सरदार एकेक करून फुटले आणि ऑक्टोबरात अलाउद्दीन दिल्लीच्या तख्तावर बसला. ते तारे देवगिरीच्या सोन्याचे होते. सावकारांच्या पेढ्यांतले, देवळांतले आणि घराघरांतले सोने वितळवून दिल्लीची बादशाही विकत घेतली गेली.

त्याच वर्षी, कार्तिक वद्य त्रयोदशीला, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. देवगिरी लुटली गेली त्याला तेव्हा काही महिनेच झाले होते.

इथून पुढची पंधरा वर्षे रामदेवराव मांडलिक म्हणून जगला. लोक या पंधरा वर्षांविषयी फारसे बोलत नाहीत, आणि मला तर हाच भाग सर्वांत जड वाटतो. काही वर्षे खंडणी गेली, मग थकली. गुजरातचा कर्णदेव वाघेला राज्य गमावून बागलाणात आला, त्याला यादवांनी आसरा दिला. त्याची मुलगी देवलदेवी हिचे शंकरदेवाशी लग्न ठरले. मुलगी देवगिरीला पोहोचायच्या आतच दिल्लीच्या सैनिकांच्या हाती पडली आणि तिची रवानगी दिल्लीला झाली. तिच्यावर आणि शहाजादा खिज्रखानावर अमीर खुसरोने काव्य लिहिले. खंडणी थांबवण्यामागे हात शंकरदेवाचा होता. इसामी तर असे सांगतो की रामदेवरावानेच दिल्लीला गुप्तपणे कळवले, मुलगा आणि त्याची माणसे माझे ऐकत नाहीत. बापलेकांचा हा वाद १२९६ च्या रणांगणावरच सुरू झाला होता. बापाला झाले तेवढे वाचवायचे होते, मुलाला गेलेले परत मिळवायचे होते.

१३०७-०८ मध्ये अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर मोठी फौज घेऊन आला, देवगिरी पुन्हा हरली आणि रामदेवरावाला कुटुंबासह दिल्लीला नेले. तिथे अपमान होईल अशी अपेक्षा असताना उलट घडले. अलाउद्दीनने त्याला सहा महिने सन्मानाने ठेवून घेतले, 'रायरायान' हा किताब दिला, छत्र दिले, एक लाख टंके दिले, वर नवसारीचा मुलूख दिला आणि राज्यावर परत पाठवले. अलाउद्दीन व्यवहाराला पक्का. दक्षिणेतली पुढची राज्ये लुटायची तर वाटेत एक भरवशाचे ठाणे हवे होते, आणि ते त्याला देवगिरीत मिळाले. रामदेवरावाची मुलगी अलाउद्दीनच्या जनान्यात होती. इसामीच्या फारसी लेखनात तिचे नाव झत्यापाली असे उतरले आहे.

१३०९ मध्ये काफूर वरंगळवर निघाला, तेव्हा रामदेवरावाने रसद पुरवली आणि मराठा स्वार बरोबर दिले. १३११ च्या फेब्रुवारीत काफूर होयसळांवर जाताना देवगिरीला उतरला, त्या मुक्कामाचे वर्णन खुसरोने केले आहे. राजाच्या हुकमाने शहर सजवले, बाजार मांडला, शिपायांना लागेल ती वस्तू वाजवी भावाने मिळेल अशी व्यवस्था केली. होयसळांच्या सीमेवर जहागीर असलेल्या परशुराम दळवी या सरदाराला फौजेला वाट दाखवायला सांगितले. दळवी म्हणजे दळाचा अधिपती. ज्या द्वारसमुद्राच्या वाटेने पस्तीस वर्षांपूर्वी साळुव टिक्कम यादवांचे निशाण घेऊन गेला, त्याच वाटेने आता यादवांचा दळवी दिल्लीच्या फौजेपुढे वाटाड्या म्हणून चालत होता.

१२९६ चा पराभव मी रामदेवरावाच्या गाफीलपणात घालीन. गाफीलपणा भल्याभल्यांकडून होतो. १३११ चा तो सजवलेला बाजार मात्र मला त्याला माफ करता येत नाही. होयसळ आणि काकतीय शत्रू होते हे खरे, पण दिल्लीच्या तडाख्याने काय होते ते त्याने स्वतः भोगले होते. पंधरा वर्षांत एकदाही या तिन्ही राज्यांनी एकत्र बसून विचार केल्याचे दिसत नाही. जुन्या वैराचा हिशेब परका चुकता करतो आहे, यात त्याला समाधान वाटले असेल काय? वाटले असेल तर ते फार महाग पडले. त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की काफूर येऊन गेल्यावर त्याच्या हयातीत त्याच्या रयतेवर पुन्हा लूट आली नाही. त्या बाजारात धान्य विकणाऱ्या वाण्याला आणि त्याच्या बायकामुलांना ही गोष्ट लहान वाटली नसेल.

या काळातला त्याचा एक ताम्रपट सापडला आहे. बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. अधिक महिन्यात तिथे पुरुषोत्तमाच्या दर्शनाला मोठी जत्रा भरते. रामदेवरावाचा मंत्री पुरुषोत्तम नायक याला दिलेल्या अग्रहाराचा हा ताम्रपट, शके १२३२ चा, म्हणजे इसवी सन १३१० चा. तीन जाड पत्रे. त्यात राजाच्या पराक्रमाचे संस्कृत वर्णन आहे. माहीम-संगमेश्वरच्या राजांना हरवल्याचे आहे, वाराणसी परक्यांच्या तावडीतून सोडवून तिथे शार्ङ्गधराचे देऊळ उभारल्याचेही आहे. देवगिरीच्या खजिन्याची वाट दिल्लीला लागून चौदा वर्षे झाली होती. पत्र्यावर ओळी कोरणाऱ्याला ते माहीत होते, राजाला माहीत होते, दान घेणाऱ्यालाही माहीत होते. तरी वंशाच्या रिवाजाप्रमाणे विजय कोरले गेले. मला त्यात खोटेपणापेक्षा दुःख अधिक दिसते. काशी सोडवण्याची इच्छा मनात असलेला राजा आणि अचलपूरचा वसूल दिल्लीला पाठवणारा राजा एकच होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, १३११ च्या सुमारास, रामदेवराव वारला. शंकरदेव गादीवर आला आणि त्याने दिल्लीला जुमानायचे सोडले. काफूर परत आला, १३१३ मध्ये शंकरदेव मारला गेला, आणि काफूर देवगिरीतच ठाण मांडून बसला.

१३१६ च्या जानेवारीत अलाउद्दीन मेला. काफूरने थोरल्या शहाजाद्यांना बाजूला सारून पाच-सहा वर्षांच्या शिहाबुद्दीन उमरला तख्तावर बसवले. हा मुलगा रामदेवरावाच्या मुलीचा. अशा रीतीने देवगिरीच्या यादवांचा नातू काही दिवस दिल्लीचा सुलतान होता. महिन्याभरात काफूरचा खून झाला, एप्रिलमध्ये सावत्रभाऊ मुबारकने तख्त घेतले, आणि पोराचे डोळे काढून त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकले. आमणदेवाच्या डोळ्यांपासून सुरू झालेली ही हकीकत रामदेवरावाच्या नातवाच्या डोळ्यांपाशी येते.

दिल्लीतल्या या गोंधळात रामदेवरावाचा जावई हरपाळदेव उठला. त्याने यादवांचा मुलूख सोडवायला सुरुवात केली. मुबारकशहा स्वतः चालून आला, हरपाळदेव पकडला गेला. १३१८ मध्ये त्याची जिवंतपणी कातडी सोलली आणि ती देवगिरीच्या वेशीवर टांगली. त्याच वेळी किल्ल्यात मशीद उभी राहिली, तिला जुन्या देवळांचे खांब लावले. ते खांब आजही तिथे उभे आहेत. कान्हा, त्या दोन अनाम स्त्रिया, शंकरदेव, हरपाळदेव, हे सगळे हेमाद्रीच्या आणि ज्ञानेश्वरीच्याच काळातले. भक्तीने मनगटे लुळी पडली म्हणणाऱ्याने या पाच जणांना आधी कुठेतरी बसवून दाखवावे.

देवगिरीच्या त्या पहिल्या लुटीच्या सहा वर्षे आधी, शके १२१२ मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली. अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानदेवांनी स्थळकाळ सांगताना गोदावरीचा दक्षिणतीर सांगितला आणि तिथे न्यायाने राज्य करणारा यदुवंशातला श्रीरामचंद्र, असे राजाचे नाव घातले. गावोगाव ज्ञानेश्वरीची पारायणे होतात, सातव्या दिवशी अठरावा अध्याय येतो, आणि शेकडो माणसे मांडी घालून बसलेल्या मंडपात रामदेवरावाचे नाव आजही मोठ्याने वाचले जाते.